कच्चा आवाज

पहिल्या मजल्यावरच्या बेसिनपाशी एक अनोळखी तरुण उभा होता आणि तिच्या बाबांसारखा बोलत होता.

आवाज त्याचा स्वतःचाच होता… कोवळा, थोडा नाकातला. पण वाक्याच्या मध्येच थबकणं, शेवटचा शब्द खिशात ठेवल्यासारखा हळूच ठेवून देणं, हे बाबांचं होतं. त्याच्या कानांवर मोठाले हेडफोन होते आणि नजर आरशात. एक भुवई वर, ओठ वाकडे. आरशातल्या स्वतःला तो बजावत होता, "पोरी, जुनं जहाज कुरकुरतंच. कुरकुरायचं थांबलं, की मग भ्यायचं."

ती बाटलीत पाणी भरायला आली होती. बाटली हातातच राहिली.

आरशात त्याला ती दिसली. त्याने घाईघाईने हेडफोन खाली ओढले आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"मी वेडा नाही," तो म्हणाला. "फक्त म्हातारा होतोय. दुपारपर्यंत व्हायलाच हवं."

तिने हसायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"कान ओढा."

"कोणाचा?"

"तुमचाच. 'भ्यायचं'च्या आधी. तिथे तो जो थांबतो ना… तो कान ओढत असेल."

त्याने हेडफोन पुन्हा चढवले, ते वाक्य मागे नेलं आणि कानाची पाळी खालून ओढून पाहिली. वाक्य कुलपात किल्ली बसावी तसं बसलं. तो आरशाकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. तुम्ही कोण, असं त्याने विचारलं. संवाद लिहिते, ती म्हणाली. मग त्याने दुसरं विचारलं. हा कच्चा आवाज कोणाचा? कोण आहेत हे काका?

"ओळखीचे आहेत," ती म्हणाली.

आहेत. बाटली न भरताच ती जिना चढली. बाबांना जाऊन दोन महिने होऊन गेले होते.

सिनेमा ॲनिमेशनचा होता, एका जुन्या कादंबरीवरचा. म्हातारा कप्तान, त्याच्या जहाजावर चोरून चढलेली एक पोर आणि कुठल्याशा बेटावर हरवलेला तिचा भाऊ. बाबांनी ती तिला लहानपणी इतक्यांदा वाचून दाखवली होती की पुस्तकाचा पुठ्ठा सुटून आला होता. आता स्टुडिओने त्यातला समुद्र काढून टाकला होता. जहाज अवकाशात गेलं, बेटांचे चंद्र झाले आणि शिडं वाऱ्याऐवजी सूर्यप्रकाश पिऊ लागली. तिने घरी हे सांगितलं तेव्हा बाबांनी आधी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पाणी नाही? मग बुडायची सोय काय?"

अशा सिनेमात आधी आवाज येतो, चित्र मागून. पण मोठे नट अगदी शेवटी येतात. तोवर चित्रकारांना ओठ आणि हातवारे जुळवायला कुणाचा तरी कामचलाऊ आवाज लागतो. त्यालाच सगळे कच्चा आवाज म्हणत. पक्का आला की कच्चा पुसून टाकायचा. कप्तानाच्या कच्च्या आवाजासाठी तिने बाबांना आणलं, ते निव्वळ मजा म्हणून. चार-पाच दुपारी त्यांनी माइकसमोर बसून जहाज हाकलं. शेवटचा प्रसंग तेवढा राहिला. त्या आठवड्यात त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

हे फक्त दिग्दर्शिकाबाईंना माहीत होतं. कोणी हळहळलेलं मला चालणार नाही, असं तिने त्यांना सांगून ठेवलं होतं, आणि बाई शब्दाच्या पक्क्या होत्या.

बेसिनपाशी भेटलेल्या त्या चित्रकाराला सगळे आरसा म्हणत. कप्तान त्याच्याकडे होता. गेले कित्येक दिवस तो सकाळी यायचा, हेडफोन लावायचा आणि संध्याकाळपर्यंत बाबांच्या आवाजात राहायचा. त्यांच्या वाक्याआधीच्या बारीक श्वासावर त्याने कप्तानाची छाती हलवली होती. त्यांनी ओठ भिजवले तिथे कप्तानानेही भिजवले होते. काका दिसायला कसे आहेत हे तिने सांगायचं नाही, अशी त्याने तिला तंबीच दिली होती. आवाजातून जेवढं दिसतं तेवढंच त्याला काढायचं होतं.

"पुस्तकात कप्तान इतका देखणा नाही," तिने एकदा त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत म्हटलं.

"स्वतःच्या तोंडावरून काढला की असं होतं. इलाज नाही."

"डोळे तपासून घ्या."

"तुम्ही संवाद लिहिता, मग माझ्याशी बोलताना एवढी काटकसर का?"

"फुकट लिहीत नाही मी."

तो हसला. हसताना तो आधी खाली बघायचा, मग वर. ती हे कधी पाहायला लागली, तिचं तिलाच कळलं नाही. दुपारी तो खिडकीची कड तिच्यासाठी राखून ठेवायचा आणि मुद्दाम राखलेली नाही असं दाखवण्यासाठी त्या कडेवर स्वतःची बॅग ठेवायचा. चहाचे दोन कप आणून एक चुकून जास्त झाला म्हणायचा. रोज चुकायचा.

आणि रोज काकांची चौकशी करायचा. काका कसे आहेत? एरवीही एवढेच तापट असतात, की फक्त कप्तानासाठी तापतात? आज जेवले असतील का? तीही सांगायची. भाजीत मीठ कमी पडलं की ते भाजीवर नाही, मिठाच्या डबीवर रागावतात. पुस्तक वाचताना पाय हलवतात. सांगताना तिचा आवाज हलका व्हायचा. घरी बाबांची खुर्ची भिंतीकडे सरकवलेली होती, भेटायला येणारे हळू बोलत होते. सगळ्या जगात ही एवढी एक खिडकी उरली होती, जिथे बाबा दुपारी जेवत होते, चिडत होते, पाय हलवत होते. ती कशी बंद करायची?

एकदा तयार झालेला भाग सगळ्यांना दाखवला. वादळाच्या प्रसंगात कप्तान मोठ्या ऐटीत हुकूम सोडायला तोंड उघडतो आणि त्याला खोकला येतो… एकदा, दोनदा, मग तो सगळ्या खलाशांकडे असा बघतो, जणू त्यांच्यापैकीच कोणी खोकलं. खोली हसून लोळली. दिग्दर्शिकाबाईंनी डोळे पुसले. असा खोकला लिहून मिळत नाही, आरसा सांगत होता, काय नट आहेत काका, कसलं टायमिंग.

तो खोकला तिने लिहिलेला नव्हताच. तीही हसली, तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटातून हसली. मग उठून बाहेर गेली आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली.

त्या दिवशी घरी आल्यावर आई तिच्याकडे बघत राहिली. तू हल्ली बूट नीट काढून ठेवतेस, आई म्हणाली. मधे नुसते भिरकावत होतीस. कोण आहे? आईपुढे काही चालायचं नाही, म्हणून तिने सांगून टाकलं. आरशाचं, चहाचं, काकांच्या चौकशीचं. आपण अजून त्याला काही बोललो नाही, हेही.

आईने भांडं पुसत पुसत ऐकलं. रागावली नाही.

"मलाही आवडलं असतं गं, अशी एखादी खिडकी असती तर," ती म्हणाली. "पण त्या पोराला वाट बघायला लावू नकोस. मी दवाखान्याच्या बाकावर बसून बघितलीये. वाईट काम आहे."

वाट तर तो बघतच होता. सोमवारी कप्तानासाठी मोठे नट येणार होते आणि शेवटचा प्रसंग अजून कोरा होता. बाईंनी दोघांना बोलावून स्पष्ट सांगितलं, की शनिवारपर्यंत कुणाचाही कच्चा आवाज आणा, नाहीतर तो प्रसंग गेला. सिनेमा लढाईवर संपवू. लोक टाळ्या वाजवून घरी जातील. बोलताना त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

त्या प्रसंगात कप्तान पोरीला छोट्या होडीत बसवतो आणि दोर सोडतो. बाबा तिथे नेहमी पुस्तक मिटून क्षणभर थांबायचे. तो प्रसंग कापायचा?

आरसा अडून बसला होता. दुसऱ्या कोणाच्या आवाजात मला म्हातारा सापडणार नाही, तो म्हणत होता. काकांना जिने चढवत नसतील तर मी त्यांच्या घरी जातो. पत्ता तेवढा द्या. शेवटी ती म्हणाली, शनिवारी दुपारी आवाजखोलीत या. आवाज मिळेल.

शुक्रवारी तिने तो प्रसंग पुन्हा उघडला. आधी तिने कप्तानाला तिथे पानभर बोलायला लावलं होतं… तारे, काळोख, धैर्य. आता ते वाचवेना. जाणारं माणूस असं काही बोलत नाही, हे तिला आता ठाऊक होतं. तिने सगळं खोडलं आणि चारच वाक्यं ठेवली.

आवाजखोली गच्चीवर होती. भिंतींना जाड कापड आणि वर पत्रा. जोराचा पाऊस आला की काम बंद, असा तिथला नियमच होता. ती पोचली आणि पाऊस धो धो कोसळू लागला. मागोमाग आरसा आला, अर्धा भिजलेला, हातात मधाची बाटली.

"काकांच्या घशाला," तो म्हणाला. मग त्याने खोलीभर बघितलं. "पावसात अडकले का?"

"बसा ना," ती म्हणाली.

तो बसला. पत्र्यावर असा आवाज चालला होता, की हळू बोलायची सोय नव्हती. जे तिने इथे बाईंखेरीज कोणालाच कुजबुजूनसुद्धा सांगितलं नव्हतं, ते तिला मोठ्याने सांगावं लागलं.

"ते माझे बाबा होते. काका म्हणता ना तुम्ही… ते माझे बाबा. तीन महिने होतील. तुम्ही मला बेसिनपाशी भेटलात, त्याच्या आधीच ते गेले होते."

त्याने ऐकलं. बाटली त्याने दोन्ही हातांत धरली होती, ती फिरवत राहिला. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. चिडायचा त्याला हक्क होता. पण त्याचा चेहरा, जो आरशापुढे शंभर म्हातारे करून दाखवायचा, त्याला आता एकही सापडेना. तो रडत होता, लहान मुलासारखा, हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसत.

"मी त्यांना भेटणार होतो," तो म्हणाला.

ती त्याच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. इतक्या दिवसांत सगळ्यांनी तिचं सांत्वन केलं होतं. आज पहिल्यांदा बाबांसाठी कोणीतरी रडत होतं आणि समजूत तिला घालायची होती. त्याने विचारलं, तो खोकला? ती म्हणाली, हो, तो खराच होता, तेव्हा आम्हाला साधा वाटला. त्याने डोळे मिटले.

"मी त्यावर सगळ्यांना हसवलं. काढून टाकतो. आजच काढतो."

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "त्या खोकल्याचा डॉक्टरांना सुगावा लागला नाही वेळेवर. निदान लोक तरी हसले. बाबांना फार आवडलं असतं… त्यांनी तर आणखी एकदा खोकून दाखवलं असतं."

तो ओल्या डोळ्यांनी हसला. आधी खाली बघून, मग वर.

"मी रोज विचारायचो, जेवले का, कसे आहेत… आणि तू ऐकून घ्यायचीस?"

"मी तर त्यासाठीच यायचे," ती म्हणाली. मग खरं तेच सांगून टाकायचा दिवस आहे म्हणून पुढे म्हणाली, "आधी त्यासाठी."

"आणि नंतर?"

"पाऊस थांबलाय," ती म्हणाली आणि उठली.

खरंच थांबला होता. पागोळ्यांचा आवाज तेवढा बाहेर होता. शेवटचा प्रसंग मीच वाचते, तिने सांगितलं. त्यांच्यासारखा नाही जमणार, पण ते कुठे थांबायचे ते मला माहीत आहे. त्याने मान हलवली आणि काचेपलीकडे यंत्रापाशी जाऊन बसला. तिने हेडफोन लावले. हातातला कागद तिने माइकच्या स्टँडवर टेकवला.

"गरम कपडे पिशवीत तळाशी आहेत," तिने वाचलं. थांबली. "दिवा पुढे ठेव, डोळ्यांवर येऊ देऊ नकोस." पुन्हा थांबली. दोराची गाठ सुटायला लागतो तेवढा वेळ. "पोचलीस की कळव. आणि वेळेवर जेवत जा."

काचेपलीकडे त्याने यंत्र थांबवलं. मग तिच्या कानात त्याचा आवाज आला, अगदी जवळून.

"अजून एकदा."

"चुकलं का कुठे?"

"नाही. प्रसंगाला एवढं पुरे आहे. पहिलाच टेक वापरणार मी."

"मग?"

"मग काही नाही… मला ऐकायचंय."

ती काचेतून त्याच्याकडे बघत राहिली. तो खाली बघत होता. वर बघायला आज त्याला जरा वेळ लागला. तिने घोटभर पाणी घेतलं. यंत्रावरचा लाल दिवा लागला. या वेळी तिला कागद लागला नाही. गरम कपड्यांचं सांगितलं, दिव्याचं सांगितलं, पोचलीस की कळव म्हणाली. एवढ्यात तिचा आवाज कप्तानाचाही राहिला नाही आणि बाबांचाही. तो तिचाच होता.

"आणि वेळेवर जेवत जा," ती म्हणाली, सरळ त्याच्याकडे बघत.

ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रामागच्या माणसाने हूं की चूं करायचं नसतं. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण कच्च्या आवाजावर इतके दिवस काढलेल्या त्या माणसाने बटण दाबलं आणि चांगला चाललेला टेक बिघडवला.

"जेवत जाईन," त्याचा आवाज तिच्या कानात आला, "पण मला एकट्याला जेवण जात नाही."

तिने हेडफोन काढले नाहीत. कानांवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले आणि माइकजवळ जाऊन विचारलं, "उद्या रविवार आहे. येतोस घरी? आई वाढेल."