ऊन न पाहिलेली वाळू

"माहा धुरा कोनं सरकवला बे?"

भावनाच्या लहानपणी दर उन्हाळ्यात हा आवाज एकोडी गावच्या धानाच्या बांध्यांवरून घुमायचा. बाबा दोन शेतांमधल्या धुऱ्यावर उभे, हात कमरेवर. आणि पलीकडच्या बांधीत मंगरूकाका मुकाट बिडी ओढत बसलेले. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण शेतात एकटी असली की भावनाच्या कानात तो आवाज अजून उठायचा. म्हणूनच त्या सकाळी धुऱ्याला नाक लावून पालथा पडलेला एक अनोळखी माणूस दिसला, तेव्हा तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं,

"काहून जी, कोनाचा धुरा सरकवून राहिले?"

तो धडपडत उठला. नाकाला माती, चष्म्याला माती. डोळे तेवढे स्वच्छ, आणि पुरते घाबरलेले.

"सरकवून नाही जी... जमीन किती सरकली ते पाहून राहिलो."

तो जवळच्याच शहापूरचा कुलदीप. नागपूरला भूगर्भशास्त्रात संशोधन करत होता. भावनाच्या बांधीखालून म्हणे एक जुनी भेग जात होती, आणि तिच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकत होत्या. वर्षाला केसभरही नाही, पण हजारो वर्षांत हातभर.

"मंजे मंगरूकाकानं उगाच शिव्या खाल्ल्या?"

कुलदीपनं मान तिरपी करून धुरा न्याहाळला. "नाही. जमिनीले एवढी घाई नसते. हे काम काकाचंच दिसते."

भावना हसली ती हसतच राहिली. ओढणी सावरायचीही शुद्ध राहिली नाही... आणि तो बिचारा मातीकडे पाहायचं सोडून तिच्याकडेच पाहत राहिला.

भावनाच्या आईनं, रुखमाबाईनं, ती भेग पाहायला बांधीत नाली खोदायची परवानगी एका अटीवर दिली. "धानाचे परे टाकाच्या आत बुजवून द्या, बाबू. मंग पाताळात जा का कुठंबी जा."

नाली खोल गेली. काळ्या मातीच्या भिंतीत वाळूचा एक पांढरा पट्टा निघाला, मधोमध तुटलेला. एक तुकडा वर, दुसरा खाली घसरलेला.

"किती घसरली ते टेपानं मोजता येते," कुलदीप म्हणाला. "पन किती वर्षांत घसरली, ते वाळूलेच इचारा लागते. मंग वेग निघते."

"सांगते का ते?"

"सांगते. वाळू मातीखाली गेली का अंधारात आपलं वय जपून ठेवते. आमाले फक्त मोजायचं असते. पन जरासं ऊन दिसलं... का सगळं इसरून जाते."

"आमच्याकडची पोरंबी अशीच. नागपूरचं ऊन लागलं का इसरून जातात."

कुलदीप खाली वाकून टेप गुंडाळू लागला. पण त्याचे कान लाल झालेले भावनानं नीट पाहून घेतले.

काळ्या ताडपत्रीखाली बसून त्यानं वाळूत नळ्या ठोकल्या, टोपणं घट्ट बसवली आणि त्या भावनाच्या घरी धानाच्या ढोलीमागे ठेवल्या. उद्या येऊन नेणार, आणि मग जाणार. निघताना तो उंबऱ्यावरून परत फिरला. तोंड उघडलं. भावना एक पाऊल पुढे आली.

"पानी देता का थोडं?"

याचाही वेग वर्षाला केसभर, ती मनात म्हणाली, आणि तांब्या भरून आणला.

सकाळी ती अंगणात आली तर आई एका नळीचं टोपण उघडत होती. भावना थांब म्हणणार होती. शब्द ओठांवर आलाही होता... पण नळ्या गेल्या की तोही जाणार. शब्द तिथंच राहिला.

कुलदीप आला तेव्हा अंगणात एका बाजूला शेवया वाळत होत्या, दुसऱ्या बाजूला वाळू. सारखी पसरलेली, खडेसुद्धा निवडलेले.

"ओली होती ना, बाबू," रुखमाबाई म्हणाल्या. "तशीच कोंडून ठेवली होती तुमी. बुरशी नसती लागली? आता कडक सुकली. वर्षभर काही होत नाही."

कुलदीपनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मस्त सुकली, काकू," तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. "पुन्हा घ्या लागन."

आभाळ भरून येत होतं. वाऱ्यानं ताडपत्री उडू लागली, म्हणून आज ती आतून धरायला भावनाला नालीत उतरावं लागलं. रुखमाबाई धुऱ्यावर ठाण मांडून बसल्या. "दोघंबी बोलत राहा. आवाज बंद झाला का मी ताडपत्री उचलीन."

आत मिट्ट काळोख. हातोड्याचा ठोका, आणि त्याहून मोठा भावनाच्या छातीचा.

"एक सांगू?" ती म्हणाली. "आई टोपन उघडत होती तवा मी तेथंच होती. मले समजत होतं. तरी मी थांबवलं नाही."

हातोडा थांबला. "काहून?"

"नळ्या घेऊन तुमी जाऊन राहिले होते." तिचा आवाज भिजला. "तुमची इतकी मेहनत... मी मातीत घातली."

काळोखात काहीतरी खुसखुसलं. तो हसत होता.

"त्या जादाच्या होत्या. खऱ्या नळ्या आधीच काढल्या होत्या, त्या परवाच नागपूरले गेल्या."

"मंग आता हे काय ठोकून राहिले?"

"काही नाही... नुसतंच ठोकून राहिलो."

"अन् सकाळी तोंड तं असं केलं, जसं घर जळलं."

"मले वाटलं, पुन्हा नमुने घ्या लागतात म्हटलं का अजून एक दिवस राहता येईन."

"राहून काय करता?"

तो गप्प. तीही गप्प. ताडपत्री वाऱ्यानं फडफडली, आणि अंधारात त्याची मातीनं भरलेली बोटं चाचपडत तिच्या बोटांपाशी येऊन थांबली.

"आवाज!" वरून रुखमाबाई.

कुलदीप काहीतरी पुटपुटला.

"आयकू नाही येऊन राहिलं, बाबू!"

कुलदीपनं छातीभर श्वास घेतला, आणि पलीकडच्या बांधीत मंगरूकाकांची बिडी तोंडातच राहील इतक्या मोठ्यानं बोलला,

"भावना, तू मले आवडते. मले कुठंच जायचं नाही."