जांभळ्या पेन्सिलीची टिपणं

विद्यापीठाच्या दुर्मिळ ग्रंथ विभागात ‘स्पर्शशोधक’ आल्यापासून पुस्तकांच्या मजकुराइतकेच त्यांच्या पानांचे कोपरेही वाचले जाऊ लागले होते. माणूस पान उलटताना बोट जिभेला लावतो. थुंकीतल्या दोनचार पेशी कोपऱ्यात वाळून बसतात आणि कागद टिकेल तितकं टिकतात. कागदाला जराही न दुखवता यंत्र त्या टिपून घेई. मग त्यांतल्या जनुकीय खुणांवरून सांगे, की पुस्तक किती जणांनी हाताळलं आणि कोण कुठवर वाचत गेलं.

विभागप्रमुख डॉ. मैथिली आरोसकरांना या खेळाचं वेडच लागलं होतं. एका काव्यसंग्रहाची शेवटची चाळीस पानं आजवर कुणीच उलटली नव्हती, हे कळल्यावर त्या दिवसभर हसत होत्या.

मंगळवारी सकाळी त्यांनी यंत्राखाली ठेवलं ते विभागाचं भूषण होतं: रावसाहेब दिघवे यांनी दान दिलेला खगोलशास्त्राचा मराठी ग्रंथ. त्याच्या समासात जांभळ्या पेन्सिलीने केलेली टिपणं होती. ‘शके १८३२, चैत्र वद्य दशमी. पहाटे धूमकेतूचे शेपूट हातभर दिसले. ग्रंथात वीतभर म्हटले आहे, ते मागच्या खेपेचे असावे.’ अशी एकशे बारा टिपणं. ‘रावसाहेबांची निरीक्षणदृष्टी’ या विषयावर मैथिलीबाईंनी वीस वर्षांपूर्वी डॉक्टरेट मिळवली होती. आता सोमवारी या ग्रंथाचं प्रदर्शन उघडायचं होतं.

रावसाहेबांची काही पत्रं विभागात होती. ती सगळी इंग्रजीत, त्यामुळे टिपणांचं अक्षर त्यांच्याशी कधी ताडून पाहता आलं नव्हतं; पण पाकिटांवर थुंकी लावून चिकटवलेल्या तिकिटांवरून रावसाहेबांच्या खुणा यंत्राला माहीत होत्या. त्या या ग्रंथात सापडल्या, पण फक्त बाराव्या पानापर्यंत.

पुढच्या तीनशे पानांवर दुसरंच कुणीतरी होतं. ती जांभळी पेन्सिल जिभेवर ओली करूनच लिहायची असते, म्हणून लिहिणाऱ्याची थुंकी अक्षराअक्षरात मुरली होती. पडद्यावर ओळ उमटली: ‘व्यक्ती स्त्री. वगळणी यादीतील क्रमांक ७ शी रक्ताचं नातं. अंदाजे पणजी.’

वगळणी यादी म्हणजे विभागातल्या माणसांचे नमुने. पुस्तकं रोज त्यांच्याच हातातून जातात, म्हणून त्यांच्या खुणा गाळण्यासाठी ती केली होती. क्रमांक सात होते सर्जेराव खुडे, सव्वीस वर्षं इथे पुस्तकं काढून देणारे, जागेवर लावणारे.

बाईंनी आधी पडदा बंद केला. त्यांचा प्रबंध खोटा ठरत होता, याचं दुःख त्यांना वाटलं, पण ते मागाहून. पहिल्यांदा त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं. मग त्यांनी सर्जेरावांना बोलावून सगळं सांगितलं.

“बाई, मी थुंकी दिली ती माझा हात वगळायला. माझ्या घरातली माणसं हुडकायला न्हवं.”

“खरंय. चूक माझी. तुम्ही म्हणाल तर हा निकाल आत्ता पुसते.”

“पुसून मला कळलेलं जाणार हाय व्हय?” सर्जेराव खुर्ची ओढून बसले. सव्वीस वर्षांत ते बाईंसमोर पहिल्यांदाच बसले होते. “वाचा की. काय लिवलंय तिनं?”

बाईंनी वाचलं. कुठे ताऱ्यांची मोजदाद, कुठे गणितातली चूक, कुठे नुसतंच ‘आज ढग’. सर्जेराव मध्येच थांबवून म्हणत, “पुन्हा वाचा.” शेवटी त्यांनी फोन काढून ब्याऐंशी वर्षांच्या आत्याला लावला.

“आत्या, तुझी आजी दिघव्यांच्यात कामाला व्हती का गं?”

“व्हती की. पुस्तकांवरची धूळ झाडायची. का रं?”

“तिला लिवायवाचायला येत व्हतं?”

पलीकडून आत्याचं हसू ऐकू आलं. “म्हातारीला? खुळा का काय! मरेस्तवर अंगठाच उठवायची. मीच धरायची की तिचा हात, शाई लावायला. एकदा म्हणलं, आजे, तुला नाव गिरवायला शिकवते, तर माझ्याकडं बघून अशी हसली... आणि अंगठा फुडं केला. तानूबाई व्हतं नाव. आता कोण घेतंय ते.”

फोन बंद झाला. खोलीत दोघंच होती. बाईंनी सूचीतली ग्रंथाची नोंद उघडली, ‘टिपणकार’ या रकान्यातलं रावसाहेबांचं नाव खोडलं आणि तिथेच थांबल्या.

“लिहू, सर्जेराव?”

सर्जेरावांनी जांभळ्या अक्षरांवरून, कागदाला न टेकवता, बोट फिरवलं. “लिवा असंच वाटतंय, बाई. पर नातीच्या म्होरं सुदा तिनं अंगठाच केला. जल्मभर जे झाकलं, ते आता आपुन उघडायचं... तिला चाललं असतं का?”