उंबऱ्यावर अडकलेली ऊब

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. सातवीनंतर शाळा सुटली, आणि मग हातात पेनापेक्षा पानाच जास्त राहिला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द अगदीच साधे वाटले, तर सांभाळून घ्या. झालं ते जसंच्या तसं सांगतो.

मी गाड्यांमध्ये हीटर बसवतो. लाकडाचे ट्रक, भटक्यांच्या झोपायच्या गाड्या, मधवाल्यांच्या व्हॅन. आमच्या डोंगरात थंडी लवकर येते आणि जायचं नाव घेत नाही, त्यामुळे काम मिळतं. साव्हेताकाकूचं बोलावणं आलं तेव्हा नाताळाआधीचे उपवास चालू होते, आणि तिच्या अंगणात गुडघाभर बर्फ होतं.

व्हॅन तिच्या नवऱ्याची, तोआदेरकाकांची. मधमाश्यांच्या पेट्या घेऊन ते फुलोऱ्यामागं हिंडायचे आणि रात्री गाडीतच झोपायचे. दर वर्षी म्हणायचे, यंदा हीटर बसवून घेतो. गेल्या पानगळीत वरच्या कुरणावर अवेळी गारठा पडला, आणि ते गाडीतच झोपेत गेले.

मी झोपायच्या फळीखाली जागा पाहिली. गाडीच्या तळाला भोक पाडलं, गंजू नये म्हणून कडेला रंग फिरवला. हीटर घट्ट केला, धुराचा पाइप खालून मागच्या चाकाकडे वळवला, टाकीतून डिझेलची बारीक नळी आणली. काकू शाल लपेटून दारात उभी होती.

"बोल की काहीतरी, गाव्रील. तोंडात स्क्रू धरलेत म्हणून मुका झालास का?"

मी स्क्रू हातात घेतले. "नाही काकू. मी असाच आहे."

"मग लग्न कसं व्हायचं रे तुझं?"

"होईल... नाहीतर नाही."

"आमचा म्हातारा तुझ्यापेक्षा घुम्या. मला मागणी घालायला आला आणि सगळा वेळ माझ्या बापाशी मेणाबद्दल बोलत बसला. बापाला वाटलं, मेण विकायला आलाय. हाकलून दिला." ती हसली. मग ते हसू तसंच राहिलं, तोंडावर विसरून गेल्यासारखं.

काम संपेपर्यंत दिवस मावळला. काकू घेवड्याचं कालवण आणि मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, गाडीतच घेऊन आली आणि तिनं दार ओढून घेतलं. मी जेवलो. मग तिनं एक मेणबत्ती पेटवून माझ्या हातात दिली.

"ही ऊब तोआदेरच्या नावानं तुला दिली, बाळा."

आमच्याकडे मेलेल्याच्या नावानं काही दिलं, की घेणारा 'धन्यवाद' म्हणत नाही. 'बोगदाप्रोस्ते' म्हणतो. म्हणजे, देव त्याला क्षमा करो. हा शब्द उच्चारला की दिलेली वस्तू पलीकडे, त्या माणसाला पोचते. रांगत्या पोरालासुद्धा हे आधी शिकवतात. माझं तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात काकूनं त्यावर तळहात दाबला.

"म्हणू नकोस!"



"ऐक," ती हळू आवाजात म्हणाली. "मेलेलं माणूस कधी येतं? त्याला काही कमी असेल तर. मी मूर्खासारखं सगळं देऊन टाकलं. कोट दिला, बूट दिले, रजई दिली, त्याचा पेला दिला. घेणारे म्हणाले बोगदाप्रोस्ते. सगळं पोचलं त्याला. आता तो स्वप्नातसुद्धा येत नाही रे... एकदासुद्धा नाही. एवढी एकच गोष्ट राहिलीय. जन्मभर हवी होती त्याला."

"पण काकू..."

"मी दिली, तू घेतलीस, आणि शब्द म्हटला नाहीस, तर ती मध्येच उंबऱ्यावर अडकेल. मग तो शोधत येईल. मला त्याचा आवाज ऐकायचाय, गाव्रील. एवढंच."

मला नाही म्हणता आलं नाही. मी बटण फिरवलं.

खाली पंप टिकटिक करू लागला. आधी डिझेलचा वास आला, मग नव्या पत्र्यावरचा रंग तापल्याचा, आणि मग गरम हवा. गाडी ऊबदार झाली तसा लाकडात मुरलेला मधाचा नि मेणाचा वास हळूहळू बाहेर आला, जणू कुणी पेटीचं झाकण उघडलं होतं. काकूनं डोळे मिटून घेतले.

माझे गुडघे गरम होते, पण दाराकडची बाजू गार पडत चालली. दाराच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी चढू लागली. डोकं जड झालं. धूर आत येतोय, ही शंका आमच्या धंद्यात सगळ्यात आधी येते. मी खाली वाकून सगळे जोड चाचपले. घट्ट होते. खिडकी उघडून पाहिली. वास नव्हता.

तेव्हा बाहेर बर्फ करकरलं.

"साव्हे..."

काकूनं दोन्ही हातांनी दाराची कडी धरली. "आलास?"

"दार उघड गं. पाय गारठलेत."

"तुझे पाय कधी गरम होते? सगळा जन्म माझ्या पोटऱ्यांना लावून झोपलास, मेल्या..." शब्द तोंडातून गेला आणि तिनं जीभ चावली.

"उघड ना."

"थांब. आधी बोल माझ्याशी. वरच्या पेटीतली राणी म्हातारी झाली होती. बदललीस का?"

"बदलली... साव्हे, थंडी वाजते गं."

"मला डंख बसला की तू काय म्हणायचास? ते म्हण."

"माशीला... तू गोड लागलीस..." शब्द तुटत होते. मध्येच एक बारीक आवाज यायला लागला. मला पंप वाटला. पण पंप एका लयीत चालतो, आणि ह्याला लय नव्हती. बाहेर दात वाजत होते.

"काकू," मी म्हणालो, "त्यांना आत घ्या ना..."

"आत आला की ऊब मिळेल त्याला. मिळाली की संपलं. अजून थोडं, गाव्रील. अजून थोडंच..." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"आत कोण आहे?" बाहेरून आवाज आला. अगदी काचेला ओठ लावल्यासारखा. "पोरा... तुला बरं वाटतंय ना?"

एवढंच विचारलं त्यांनी. मला बरं वाटतंय का.

"बोगदाप्रोस्ते," मी म्हणालो.

दात वाजायचे थांबले. मग एक लांब सुस्कारा. थकलेल्या माणसानं गरम पाण्यात पाय सोडले की निघतो तसा. काचेवरची नक्षी विरघळून ओघळली.

काकू ओरडली नाही. तिनं कडी सोडली. "गेला," म्हणाली. "तू अजून कुणाची वाट पाहिलेली नाहीस, पोरा. तुला नाही कळायचं."

मी मान खाली घालून हत्यारं गोळा केली. मी गाडीतून उतरत होतो तेव्हा ती पुन्हा बोलली, अगदी रोजच्या आवाजात.

"ऊब दोघांना पुरेल का रे?"

मला वाटलं, ती हीटरबद्दल विचारतेय. "आरामात पुरेल, काकू. दोघांच्या हिशेबानंच बसवलाय."

"मग बंद करू नकोस. राहू दे चालू."

सकाळी कामावर जाण्याआधी मी दफनभूमीत मेणबत्ती लावायला गेलो. रात्रभर बर्फ पडलं होतं. सगळ्या कबरी पांढऱ्या होत्या. फक्त तोआदेरकाकांची माती उघडी होती, काळी, ओली, आणि तिच्यातून वाफ निघत होती. मी टोपी काढली. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

क्रूसावर त्यांच्या नावाशेजारी काकूचं नाव आहे. आमच्याकडे जोडप्याची नावं एकदमच कोरून ठेवतात. तिच्या जन्माचं साल, पुढं एक रेघ, आणि मोकळी जागा. त्या नावाखालचं बर्फ मधोमध खचत होतं. कुणी निजल्यावर गादी दबते तसं.

चॅपलच्या भिंतीला फावडं टेकवलेलं होतं. मी ते उचललं आणि खचलेली जागा भरावी म्हणून वाटेवरचं बर्फ आणून तिच्या बाजूला टाकलं. थोपटलं. ते पुन्हा खचलं. मी आणखी आणलं.

तिथून खाली काकूचं अंगण दिसतं. गाडीचे पडदे ओढलेले होते, आणि मागच्या चाकापाशी धुराची बारीक रेघ सरळ वर जात होती. मी हाक मारली. दोनदा मारली. पडदा हलला नाही. मग फावडं खाली ठेवायचा धीर होईना, म्हणून बर्फ टाकत राहिलो.