माळढोकाचं अंडं आणि म्हातारा लॅपटॉप

बटण दाबलं की लॅपटॉपचा दिवा लागत होता, आतला पंखा घुरघुरत होता, पडदाही उजळत होता. पण काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ उमटली, की यंत्र तिथेच अडून बसायचं. सगळे अवयव धडधाकट आणि काम मात्र शून्य. मग बिघडलं होतं तरी काय?

एरवी निलांबिकेला असलं कोडं घेऊन दुपारभर बसायला आवडलं असतं. पण आज तिच्यामागे खुर्चीवर आजोबा बसले होते, आणि त्यांच्या सदऱ्याच्या आत, पोटाशी, माळढोकाचं अंडं होतं.

डॉ. मल्लिनाथ बिराजदार पक्षिशास्त्रज्ञ. सोलापूरजवळच्या माळरानावरून माळढोक नाहीसा झाला, तेव्हा ते तरुण होते. आता म्हातारपणी, दूरच्या केंद्रात वाढवलेले माळढोक त्याच माळावर पुन्हा सोडले गेले होते, आणि त्यांची देखरेख करायला आजोबा माळाच्या कडेच्या दोन खोल्यांच्या ठाण्यात राहत होते. सुट्टीत निला त्यांच्याकडे यायची. तिसरी सोबत टिटवीची. टिटवी म्हणजे गुडघ्याएवढा, चार चाकांचा रोबो. ती दिवसभर गवतातून फिरून पक्ष्यांवर लक्ष ठेवायची.

त्या सकाळी भटक्या कुत्र्यांनी मादीला घरट्यावरून उठवलं. ती उडाली ती परतलीच नाही. माळढोक एका वेळी बहुधा एकच अंडं घालतो. केंद्राची परवानगी घेऊन टिटवीने ते मऊ हातांनी उचलून आणलं. केंद्राची गाडी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचणार होती.

"तोवर मी धरून बसेन," आजोबा म्हणाले होते. पण त्यांनाही माहीत होतं, माणसाची कातडी अंड्याला पुरेल एवढी गरम नसते. कोपऱ्यात एक जुनी उबवणपेटी होती (अंड्याला पक्ष्याच्या पोटासारखी कायम ऊब देणारी पेटी). पेटीची तार लॅपटॉपला जोडलेली, आणि लॅपटॉपने हुकूम दिल्याशिवाय पेटी तापत नव्हती. आजोबांचे दोन्ही हात अंड्यात अडकलेले. म्हणजे काम निलाला करायचं होतं.

"टिटवी, तूच का नाही पेटी चालवत?"

"माझ्या पोटात पेनड्राइव्ह बसतो. त्यावर मी माहिती वाचते-लिहिते. दुसरं यंत्र चालवायची सोय माझ्यात नाही," टिटवी म्हणाली. "पण बिघाड कळलाय. या लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टिम खराब झालीय."

"ती कुठे असते? काढून बघता येईल?"

"ती वस्तू नाही. ती सूचनांचा मोठा संच आहे. कळफलक, पडदा, डिस्क (माहिती साठवण्याची जागा), पंखा, या सगळ्यांकडून कामं करून घ्यायची, कुणी केव्हा काय करायचं ते ठरवायचं, हे ती करते. घरात माणसं भरपूर आहेत, पण स्वयंपाक कुणी करायचा, पाणी कुणी भरायचं, हे सांगणारं कुणी नाही, अशी या लॅपटॉपची गत झालीय."

"मग दुरुस्त करू."

"ती इतकी जुनी आहे, की तिची दुरुस्ती करणं लोकांनी केव्हाच सोडून दिलंय. नवी बसवावी लागेल. जुन्या, कमी ताकदीच्या यंत्रांवर चालेल अशी एक माझ्याकडे आहे."

टिटवीने ती पेनड्राइव्हवर उतरवून दिली. निलाने तो लॅपटॉपला लावला आणि टिटवीने सांगितलेली कळ दाबून धरत सुरूचं बटण दाबलं. त्या कळीमुळे लॅपटॉपला कळलं, की आज सूचना स्वतःच्या डिस्कवरून वाचायच्या नाहीत, पेनड्राइव्हवरून वाचायच्या. पडदा निळा झाला. त्यावर प्रश्न आला: डिस्कवरचं सगळं पुसून टाकायचं का?

निलाचं बोट थांबलं. "आजोबा, यात तुमचं काही आहे?"

"नराची साद आहे," आजोबा म्हणाले. "इथला शेवटचा नर पाच-सहा वर्षं ओरडायचा, त्याची सगळी ध्वनिमुद्रणं. दुसरी प्रत नाही. काढायची राहूनच गेली." मग त्यांनी सदऱ्यावरून हात जरा घट्ट केला. "पूस तू. प्रत काढत बसलीस तर हे गार होईल."

निलाने पुसलं नाही. तिने पडद्यावरची डिस्कची आकृती नीट पाहिली. आडव्या पट्टीचा डावा भाग रंगवलेला होता, उजवा पांढरा.

"टिटवी, हा पांढरा भाग म्हणजे रिकामी जागा का? नवी सिस्टिम तिथे बसवली तर?"

"बसेल. डिस्कचे असे वेगवेगळे भाग करता येतात. पण एरवी मी आधी प्रत काढायलाच सांगितलं असतं. मध्येच लॅपटॉप बंद पडला किंवा तू चुकीचा भाग निवडलास, तर मुद्रणं जातील."

"पुसली तर नक्की जातील. असं केलं तर कदाचित राहतील," निला म्हणाली. तिने मागे पाहिलं. आजोबांनी मान हलवली.

तिने लॅपटॉपची तार भिंतीतल्या प्लगमध्ये घट्ट बसली आहे का ते पाहिलं, पांढरा भाग निवडला, तोच निवडला आहे याची पुन्हा खात्री केली आणि होकार दिला. पट्टी सरकू लागली. आजोबांनी दोनदा अंडं हलक्या हाताने वळवलं, पक्षीण चोचीने वळवते तसं. त्यांचे खांदे आखडले होते.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तेव्हा अक्षरं स्वच्छ उमटली. कळफलक चालला, आवाज चालला. जुना भागही जागच्या जागी दिसत होता. निलाने मुद्रणांवर बोट ठेवून आजोबांना दाखवलं. मग टिटवीने दिलेली उबवणपेटी चालवण्याची आज्ञावली (एका ठरावीक कामासाठीच्या सूचना) तिने उघडली.

'पेटी सापडत नाही.'

"तार तर जोडलीय," निला रडवेली झाली.

"सिस्टिमला तार कळतेय, तिच्यातून येणारी भाषा कळत नाहीये," टिटवी म्हणाली. "ड्रायव्हर नाही."

"ड्रायव्हर? चालवतो कोण?"

"नाव तसं आहे खरं, पण तो दुभाष्याचं काम करतो. तुझी पणजी कन्नड बोलते. शेजारच्या पद्माक्का तेलुगू. दोघींचं काही अडलं तर?"

"आई मध्ये बसते. तिला दोन्ही येतं."

"ड्रायव्हर म्हणजे तुझी आई. प्रत्येक यंत्राची बोली वेगळी असते. सिस्टिमचा हुकूम त्या बोलीत सांगायचा आणि यंत्राचं उत्तर सिस्टिमला समजेल असं करून द्यायचं. कळफलक, पडदा यांचे दुभाषे नव्या सिस्टिमसोबतच आले. पेटीचा आला नाही."

"जुन्या भागात असेल की. तो घेऊ."

"आहे. पण तो पेटीची बोली जुन्या सिस्टिमला समजावणारा. नवीची भाषा त्याला येत नाही. आणि पेटी बनवणारी कंपनी बंद झालीय. या पेटीच्या नावाने इंटरनेटवर शोधलं, कुठेच काही नाही."

"अंड्याचा एक भाग मला गार लागतोय," आजोबा हळूच म्हणाले.

निला उठून पेटीपाशी गेली. पेटीतून निघालेली तार तिने हाताने चाचपत आणली. लॅपटॉपजवळ तारेच्या टोकाला काडेपेटीएवढी जाड गाठ होती. "ही गाठ कशाला आहे?"

टिटवीने डोळा जवळ नेला. "पेटीकडून येणारे जुन्या पद्धतीचे संकेत ही गाठ लॅपटॉपच्या पद्धतीत बदलते. आत एक चिप आहे (सुपारीच्या खांडाएवढ्या जागेत बसवलेलं विजेचं मंडल)."

"म्हणजे लॅपटॉप पेटीशी बोलतच नाही. तो या गाठीशी बोलतो. मग आपण पेटीचं नाव शोधून काय उपयोग? गाठीचं नाव शोध."

प्रत्येक चिप स्वतःचा ओळखक्रमांक सांगते. नव्या सिस्टिमने तो कधीच टिपून ठेवला होता, फक्त विचारलं कुणी नव्हतं. निलाने तो वाचून दाखवला. तसली चिप जगभरच्या असंख्य तारांमध्ये होती आणि तिचा ड्रायव्हर लगेच मिळाला. निलाने तो बसवला. पेटीवर हिरवा दिवा लागला. आत हळूहळू ऊब धरू लागली.

मग पडद्यावर आकडा आला: नव्व्याण्णव. शेजारी लाल इशारा, 'धोका, पेटी बंद करत आहे.'

"नव्व्याण्णव अंशांवर पाणी उकळायला येतं," टिटवी म्हणाली. "बंद करू दे."

निलाने पेटीत हात घातला. आत नुसतं कोमट होतं, ताप आलेल्या कपाळासारखं. "हे उकळणारं नाही. आजोबा, ताप मोजायच्या जुन्या तापमापीवर पण नव्व्याण्णव, शंभर असे आकडे असतात ना?"

"फॅरनहाइट," आजोबा म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "ती जुनी पेटी त्याच मापात मोजते. त्यातले नव्व्याण्णव म्हणजे आपले सदतीस. अंड्याला तेवढंच हवं."

"ड्रायव्हरने आकडा बरोबर पोचवला," टिटवी म्हणाली. "माप कोणतं, हे आज्ञावलीला सांगायचं राहिलं. आणि माझ्याही ध्यानात आलं नाही."

निलाने माप बदललं. लाल इशारा गेला. आजोबांनी सदऱ्यातून अंडं काढलं, तिच्या ओंजळीत दिलं, आणि तिने ते पेटीत ठेवलं. मग खिडकी झाकून त्यांनी अंड्यामागे विजेरी धरली. कवचाच्या आत तांबूस शिरांचं जाळं दिसलं, आणि त्याच्या मधोमध एक काळसर ठिपका किंचित हलला. आजोबांना हात सरळ करायला वेळ लागला. निलाने ते चोळून दिले.

सकाळी गाडी आली, तेव्हा आजोबांच्या मुद्रणांची प्रत निघालेली होती. काही दिवसांनी केंद्रातून बातमी आली, की पिल्लू बाहेर पडलंय आणि टोळ मटकावतंय. बातमीखाली केंद्राच्या बाईंनी लिहिलं होतं: याच बनावटीच्या पेट्या राजस्थानात आणि कच्छमध्ये बंद पडून आहेत, लॅपटॉप सुरू होत नाहीत म्हणून. काय केलं, ते त्यांना समजावून सांगशील का?

निलाने उत्तर लिहून घ्यायला टिटवीला जवळ बोलावलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. "आधी त्यांना सांग, काहीही पुसायच्या आत, डिस्कवर काय आहे ते बघा."