तारेवरचे दोन ठोके

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या डोळ्यांदेखत घडली आहे.

गेल्या सुट्टीत मी आणि धाकटी बहीण फिरायला गेलो होतो. डोंगरातलं दाट जंगल आणि झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी झिपलाइन. संध्याकाळची शेवटची फेरी होती. धुकं उतरायला लागलं होतं.

"ताई, आधी मी! तुझे तर पाय आत्ताच लटपटतायत."

तिथली पद्धत साधी होती. पलीकडच्या मचाणावरचा माणूस आलेल्याला उतरवून घेतो आणि लोखंडी कडीने तारेवर दोन ठोके देतो. ठोके आले की इकडून पुढचा माणूस सोडायचा.

धाकटी किंचाळत गेली. धुक्यात शिरली. कप्पीचा आवाज लांब लांब गेला...

आणि मध्येच थांबला.

मग ठोके आले. टण्... टण्.

"चला ताई," इकडे मला सोडायला उभा असलेला गाइड म्हणाला. मी पाय उचलले, तेवढ्यात त्याने माझा पट्टा खसकन मागे खेचला.

"काय झालं?"

तो तारेकडे बघत होता. "तार अजून दबलेली आहे. मध्ये कुणीतरी लटकलंय."

मी सुटले असते तर सरळ धाकटीवर जाऊन आदळले असते.

त्याने जोरात हाक दिली. पलीकडून उत्तर आलं, "मी ठोकलंच नाही! पोरगी आलीच नाही अजून!"

मी घसा फाडून तिला हाका मारल्या.

काही नाही. पाखराचाही आवाज नाही.

मग कप्पी पुन्हा घरघरली... हळूहळू... आणि तार एकदम वर उसळली.

"आली! आली!" पलीकडचा ओरडला.

मी तारेवरून गेलेच नाही. शिडी उतरून पायवाटेने धावत सुटले. धाकटी मचाणाखाली बसून पाणी पीत होती. मला बघून चक्क हसली.

"मध्येच अडकले गं, रडूच फुटलं! बरं झालं तू आलीस आणि पाठीला हात लावून ढकलत आणलंस. पण मला पोहोचवून परत का गेलीस?"

मी मचाणावरच्या माणसाकडे बघितलं. त्याने मान खाली घातली आणि तो दोरी गुंडाळत राहिला.

मी तिला नुसतं घट्ट धरलं.

तिला खरं सांगावं की नाही, मला अजून कळत नाही. काल तिने पुन्हा तिथलंच बुकिंग केलं.

म्हणाली, "आता कसली भीती? तू असतेसच की मागे."