उजव्या बाजूने बोला

"अहो, हे मशीन माझं आहे."

टाइपरायटरपुढे बसलेल्या तरुणानं मान वर केली नाही. त्याची बोटं आपली टकटक... टकटक चालूच.

जगदेवी सोलापूरच्या नवी पेठेतला तो लाकडी जिना धावत चढून आली होती. गुरुबसप्पा सरांच्या टायपिंग क्लासमध्ये मराठीची मशीनं मोजकीच, आणि त्यातलं खिडकीजवळचं एकच असं होतं की ज्याचा 'र' अडकत नसे. त्यासाठी तर ती रोज सगळ्यांच्या आधी यायची. आणि आज हा कोण कुठला...

"अहो! तुम्हालाच सांगतेय मी."

टकटक... टकटक.

मग मात्र तिनं रोलरमधला कागद खर्रकन ओढून काढला. तो दचकून उभाच राहिला. उंच, सावळा, कपाळावर घामाचे थेंब आणि डोळ्यांत निव्वळ भांबावलेपण.

"आवो, काय करताय?"

"मघापासून ओरडतेय! बहिरे आहात की काय?"

त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन सरकून गेलं. पण दुसऱ्याच क्षणी तो हसला.

"मशीनवर नाव लिवलंय व्हय तुमचं?"

"लिहायला कशाला पाहिजे? सगळ्यांना ठाऊक आहे."

"मी कालच आलोय की सांगोल्यासनं. मला कुणी सांगितलंच न्हाय." कागद उचलून तो शेजारच्या मशीनवर जाऊन बसला. "बसा. ह्यो 'र' लई गुणी दिसतोय तुमचा. माजा मेला रुसलाय."

हसू येऊ नये म्हणून जगदेवीनं खिडकीबाहेर पाहिलं.

त्याचं नाव हिंदुराव. मामाकडे राहून तो टायपिंग आणि मराठी लघुलेखन शिकायला आला होता. चौऱ्याहत्तरचा पावसाळा नुकताच लागला होता. कचेऱ्यांमधून मराठी स्टेनोंना मागणी होती, आणि पुढच्या उन्हाळ्यातली सरकारी परीक्षा पास झालं की नोकरी लागते, असं सर छातीवर हात ठेवून सांगत. जगदेवीच्या वडिलांचं, महादेवप्पा कलशेट्टींचं, चादरींचं दुकान होतं. लग्न ठरेपर्यंत शीक, एवढीच त्यांची परवानगी होती. तिच्या मनात मात्र नोकरी होती. स्वतःची खुर्ची, स्वतःचं टेबल.

त्या परीक्षेला बसणारे क्लासमध्ये दोघंच. मग सरांनी फर्मान काढलं, "एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं. रोज."

ती वाचायची, तो पेन्सिलीनं रेघोट्या ओढायचा. मजकूर तरी कसला! सहकारी सूतगिरणीच्या वार्षिक सभेचा अहवाल. पण तिनं 'सन्माननीय सभासदहो' म्हटलं की तो मान लववून "बोला" म्हणायचा, आणि तिचा वेग तिथंच कोसळायचा.

"मधे बोलायचं नाही!"

"मग तुमी माज्याकडं बघून सभासद म्हनू नका की."

"कुणाकडे बघू?"

"बघा माज्याकडंच... पन जरा हळू बघा."

तिच्या हातातलं पुस्तक विनाकारण वर सरकलं, अगदी डोळ्यांपर्यंत.

वाचताना तिनं नेहमी आपल्या उजव्या हाताला बसावं, असा त्याचा हट्ट असे. ती दुसरीकडे बसली की तो खुर्ची उचलून फिरवून घ्यायचा. उजेडासाठी असेल, असं तिला वाटे.

जत्रेत कळलं खरं काय ते. सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, ती आईबरोबर गेली होती. आई, नीलम्मा, बांगड्यांच्या दुकानात रमली, आणि गर्दीत समोर हिंदुराव! खजुराचा पुडा पुढं करत म्हणाला, "घ्या, कलशेट्टीबाई." दोघं चार पावलं बरोबर चालले. ती त्याच्या डावीकडे होती. धीर एकवटून तिनं विचारलं,

"परीक्षा झाल्यावर... तुम्ही सांगोल्याला परत जाणार?"

तो पाळण्याकडे पाहत हसत होता. तिनं पुन्हा विचारलं. तो तसाच. आणि मग तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पहिल्या दिवसाची टकटक, ती फिरवलेली खुर्ची... आणि आपण काय बोललो होतो!

ती वळसा घालून उजवीकडे आली. "डाव्या कानानं ऐकू येत नाही ना तुम्हाला?"

त्याचं हसू विझलं.

"ल्हानपणी कान फुटला हुता." तो म्हणाला. "कुनाला सांगू नका. बहिऱ्याला स्टेनो कोन ठिवील? शब्द द्या."

"दिला," ती म्हणाली. "आणि त्या दिवशी मी जे बोलले..."

"ते कवाच इसरलो." तो थांबला. "न्हाय. खरं सांगू? इसरलो न्हाय. पन राग बी न्हाय."

परीक्षा आली ती सोलापूरचं ऊन घेऊनच. शाळेच्या हॉलमध्ये पंखे घरघरत होते. खुर्च्या नंबराप्रमाणे लावलेल्या. हिंदुरावचा नंबर अगदी उजव्या भिंतीला, म्हणजे मधोमध बसून मजकूर वाचणारे पर्यवेक्षक नेमके त्याच्या डाव्या हाताला! जगदेवीची खुर्ची पार दुसऱ्या टोकाला, डाव्या भिंतीशी होती. त्याचा उतरलेला चेहरा तिला इथूनही दिसला.

तो उठला. "सर, जागा बदलून मिळंल का?"

"कारण?"

त्यानं ओठ उघडले... मिटले. "काय न्हाय." खाली बसला.

पर्यवेक्षकांनी घड्याळ पाहिलं, पुस्तक उघडलं. जगदेवीनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. शब्द दिलाय. पण वर्षभराची मेहनत...

"सर!" ती उभी राहिली. "त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. माझी जागा त्यांना द्या."

सगळा हॉल वळून बघायला लागला. पर्यवेक्षकांनी चष्मा सारखा केला आणि हातानंच 'बदला' अशी खूण केली. तिच्या जवळून जाताना हिंदुरावनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पेपरनंतर फाटकाशी तो थांबला होता.

"शब्द दिल्ता तुमी."

"दिला होता. मोडला."

"मी मागितली हुती व्हय मदत?"

"नाही मागितली. म्हणून नापास होऊ द्यायचं होतं?"

तो पाठ फिरवून चालू लागला. त्याच संध्याकाळी तो गावी निघून गेला.

उन्हाळा सरता सरेना. विजापूरकडचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, घर मोठं. आणि जगदेवीनं आयुष्यात पहिल्यांदा अप्पांना "नको" म्हटलं. कारण विचारलं तेव्हा खाली मान घालून, पण स्पष्ट आवाजात तिनं एक नाव सांगितलं. जातीबाहेरचं नाव. अप्पा ताटावरून उठून गेले. मग कितीतरी दिवस बापलेकीत मीठ वाढ, पाणी दे, यापलीकडे बोलणं नव्हतं.

निकाल लागला. दोघंही पास. ती सरांना पेढे देऊन उतरत होती, तर जिन्याच्या पायथ्याशी हिंदुराव उभा!

"जिल्हा परिषदेत लागलो," तो म्हणाला. "मुलाखतीत साहेबांनी काय इचारायच्या आधीच सांगून टाकलं मी... साहेब, डावा कान गेलाय, उजव्या बाजूनं बोला. साहेब म्हनाले, बरं, टेबल फिरवून घेऊ. एवढंच! आन् मी एवढी वर्सं लपवत बसलो."

"मी माफी मागणार नाही," जगदेवी म्हणाली.

"मागू बी नका. मीच मागायला आलोय." त्यानं मान खाली घातली. "आनि... आनकी एक मागायचं हुतं. पन तुमचं कुटं ठरलं असंल तर..."

"ठरत होतं. मी मोडलं."

"का?"

"का म्हणजे? तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाव हाय. पन तुमच्या तोंडनं ऐकायचंय."

तिनं एक पायरी खाली उतरून त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "मला तुम्ही पाहिजे आहात, हिंदुराव. अप्पांना मी सांगितलंय. काल रात्री जेवताना एवढंच म्हणाले, त्याला एकदा दुकानात पाठव."

"कवा?"

"आत्ता."

तो कॉलर सारखी करायला लागला, मग घाम पुसायला लागला, आणि ती खळखळून हसली. भर बाजारातून दोघं बरोबर चालत गेले. ओळखीच्या नजरा वळल्या, तिनं वळू दिल्या.

महादेवप्पा गादीवर बसले होते. त्यांनी हिंदुरावला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. सावकाश चष्मा काढला, पुसला, परत घातला. गिऱ्हाईक असो की व्यापारी, दुकानात आलेल्या परक्या माणसाशी ते कायम मराठीत बोलत. कानडी ते राखून ठेवत ती घरच्या माणसांसाठी.

"बा तम्मा," शेजारची गादी थोपटत ते म्हणाले, "कूडु."

हिंदुराव गोंधळून जगदेवीकडे पाहू लागला. तिचे डोळे भरून आले होते.

"बसा," ती म्हणाली, "घरातलं म्हणून बसा म्हणताहेत."