खडखडे काकूंचा भाचा

प्रयोगशाळेचं दार ढकललं आणि माझे पाय जागीच थिजले… आत कुणीतरी बोलत होतं.

शाळा सुटून तास झाला होता. आभाळ भरून आल्यामुळे दुपारीच अंधारलं होतं. कोपऱ्यातल्या सांगाड्याचा हात हातात घेऊन एक तरुण त्याच्याशी हळूहळू गप्पा मारत होता.

"को… कोण तुम्ही?"

"घाबरू नका. चौकात घड्याळं दुरुस्त करतो. यांच्या तारा गंजल्यात, त्या बघायला शिपाईकाका सोडतात दर गुरुवारी."

"आणि गप्पा?"

"त्या वरकड."

हसला मेला! माझी बोबडी वळलेली, आणि हा हसतोय… बरं, हसताना दिसतही चांगला होता.

"दर गुरुवारी सकाळी याची मान दाराकडे वळलेली असते," मी फणकारले. "तुम्हीच वळवता ना?"

त्याचं हसू मावळलं. "मी? मी तर दुपारी येतो. मला वाटलं… तुम्ही वळवता."

दोघांनीही मग सांगाड्याकडे बघायचं टाळलं.

विज्ञान स्पर्धा महिन्यावर आली होती. माझ्या वर्गातल्या चार मुलींना एक हात आणि एक पाय सुटा करून परीक्षकांसमोर पुन्हा जोडायचा होता. साठ हाडं, तासाभरात! पहिलं बक्षीस नवाकोरा प्लॅस्टिकचा सांगाडा. तो आला की जुन्याला इथून हलवायचं, हे मुख्याध्यापिकांनी ठरवूनच टाकलेलं. मी त्या घड्याळवाल्याला सगळं सांगितलं आणि मदत मागितली. त्यानं सांगाड्याचा हात पुन्हा हातात घेतला.

"करतो," शेवटी म्हणाला.

रोज दुपारी तो चिमटा घेऊन येऊ लागला. मुली हाडं मांडायच्या, तो डोळे मिटून बोटांनी चुका शोधायचा. त्याची बोटं माझ्या बोटांना लागायची… आणि मीच चुकायचे. "बाई, हे तर पायाचं!" मुली खुसखुसायच्या.

"हे मनगट मोडलं होतं," एकदा तो म्हणाला. "जिन्यावरून पडून."

"जिना कसा कळला तुम्हाला?"

त्यानं पुढचं हाड उचललं.

त्याच संध्याकाळी निघताना माझी बाही मागून कुणीतरी ओढली. वळले, तर सांगाड्याची बोटं तिच्यात अडकलेली! "खडखडे काकू सोडत नाहीत बाईंना!" मुली ओरडत पळाल्या.

त्यानं ती बोटं अलगद सोडवली. "सोड गं तिला," तो पुटपुटला.

"कोण… कोण आहेत या?"

"माझी आत्या. याच शाळेत शिकवायची. आईबाबा गेल्यावर हिनंच वाढवलं मला. जाताना देह शाळेला दिला."

"अगं बाई! आणि आम्ही यांना खडखडे काकू…"

"आवडलं असतं तिला. जिवंतपणीही बारीकच होती."

मला हसू फुटेना. "आम्ही जिंकलो तर यांना इथून जावं लागेल. तरी मदत करताय?"

"तिच्या शाळेच्या मुली माझ्यामुळे हरल्या, तर स्वप्नात येऊन कान धरेल ती."

त्या क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले. उगाच लपवाछपवी कशाला!

मुली जिंकल्या, चार मिनिटं राखून. मी सर्वांदेखत रडले. लोकांना वाटलं, आनंदानं.

पुढच्या गुरुवारी तो लाकडी पेटी घेऊन आला. शाळेचं काम संपलं की मला मातीत ठेव, असं आत्यांनीच लिहून ठेवलं होतं. मी एकेक हाड देत होते, तो ठेवत होता. कवटीपाशी मात्र त्याचे हात थांबले.

"सात वर्षं निरोप द्यायचं टाळलं मी. ही गेली की… माझं म्हणावं असं कुणीच उरत नाही."

खट्!

कवटीचा जबडा आपोआप मिटला. दोघंही दचकलो. माझा हात त्यानं कधी घट्ट धरला, कळलंच नाही.

"त्यांना पटलं नाही ते," मी कसंबसं म्हणाले.

"आणि… तुम्हाला?"

मी आवाज चढवला.

"दुकान किती वाजता बंद होतं?"

"आठला. का?"

"साडेआठच्या आत घरी यायचं. गार जेवण मला चालत नाही."

तो बघतच राहिला. "कुणाच्या घरी?"

"आपल्या."